परतीचं डिझेल

आमच्या शाखेतले एक कारकून रिटायर झाले तेव्हा त्यांच्या गळ्यात इतके हार पडले की फोटोत नाक तेवढं वर राहिलं. लोकप्रियता वगैरे काही नाही, हे सगळं आमच्या अण्णांमुळं. अण्णा म्हणजे शाखेचे हेड. शिपायानं 'हाराला द्या, हाराला द्या' म्हणत टेबलाटेबलावर वर्गणी काढली आणि पैसे जमले दाबून. एक हार आणावा, उरलेल्याचे पेढे आणावेत, यात कुणाला काय अडचण असणार? अण्णांना होती. "हाराला म्हणून घेतलासा न्हवं? मग हारच आणायचं. पेढं पायजे असतील तर पेढं म्हणून परत फिरा." परत कोण फिरतंय? त्या दिवशी झेंडू स्वस्त होता. सत्कारमूर्तींना समारंभ संपेपर्यंत मान वळवता आली नाही आणि आम्ही सगळे पेढ्याविना घरी गेलो.

मला तेव्हा ऑफिसात येऊन थोडेच दिवस झाले होते. मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं, "ह्या माणसाच्या डोक्यात काय हाय ओ?" त्या म्हणाल्या, "दावं हाय. जनावराला बांधतात ते."

लोकांना वाटतं पोलीस खातं म्हणजे काठी आणि शिट्टी. पण गाडीत डिझेल पडतं ते कुणीतरी मंजूर करतं, आणि ते कुठल्या पैशातनं पडलं हे कुणीतरी लिहितं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही, हिशेब शाखेतली माणसं. खात्याला पैसा दोन वाटांनी येतो. एक सर्वसाधारण. तो पगार, बंदोबस्त, वीजबिल, कशालाही चालतो. दुसरा येतो तो कामाचं नाव घेऊनच येतो. हा महिलांच्या सुरक्षेसाठी, हा रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी, आणि तो त्याच कामाला लावायचा, दुसरीकडं वळवायचा नाही. कागदावर या दोघांना हातभर लांब नावं आहेत. अण्णा म्हणायचे, सुटा पैसा आणि बांधलेला पैसा.

"सुटा पैसा सगळ्यांचा असतोय," ते सांगायचे, "म्हंजे ज्याचा आवाज मोठा त्याचा. बांधलेला पैसा ज्याला आवाज न्हाय त्याचा. म्हणून तर बांधून ठेवायचा."

स्वतः अण्णांचा आवाज मात्र खणखणीत. ते कानात काही सांगायला लागले की बाहेर मोटारसायकल लावणाऱ्यालाही ते कळायचं. माणूस उंच, हाडापेरानं मोठा, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. गडहिंग्लजच्या पुढं एका खेड्यात त्यांची शेती होती. घर जैन, त्यामुळं सूर्य मावळायच्या आत जेवण. मार्चअखेरीला आम्ही सगळे मान मोडून बसलेले असायचो, कुणी भजी मागवतंय, कुणी मिसळ, आणि अण्णा मात्र उन्हं कलायला लागली की डबा उघडून भाकरी खाऊन, हात धुऊन, पुन्हा पेन उचलायचे. त्यानंतर देव जरी ताट घेऊन आला असता तरी त्यांनी त्याला उद्या ये म्हणून सांगितलं असतं. मी एकदा म्हटलं, "अण्णा, एका दिवसानं काय हुतंय?" तर म्हणाले, "काय हुत न्हाय. म्हणूनच रोज हुतंय मग." मला ते तेव्हा कळलं नाही. आता मी स्वतः त्या खुर्चीत बसते, आता चांगलंच कळतं.

हे दाव्याचं वेड त्यांना कुठनं लागलं, ते त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांच्या आईला ते अव्वा म्हणायचे. घरात उसाचं बिल यायचं ते वडिलांच्या हातात, आणि डेअरीचं दुधाचं बिल दहा दिवसांनी यायचं ते अव्वाच्या हातात. अव्वानं सांगून टाकलं होतं, दुधाचा पैसा पोरींच्या शाळेचा. मग घरात काहीही अडो. एका वर्षी विहिरीची मोटार जळली. वडील, चुलते, गावातली दोन शहाणी माणसं, सगळी अव्वासमोर बसली. पाणी नसलं तर ऊस वाळंल, ऊस वाळला तर घर बसंल, पोरींची शाळा काय पुढच्या वर्षीही होईल. अव्वा दळण निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मोटार उसानं जाळलीया. उसानं भरावी."

"मग काय केलं ओ?" मी विचारलं.

"काय करतेत? बानं भावकीतनं उसनं घेतलं, शिव्या घालत घेतलं. थोरली अक्का गारगोटीला मास्तरीण हाय आज. धाकटी दवाखान्यात नर्स हाय." अण्णांनी चष्मा काढून पुसला. "त्या दिवशी अव्वा हलली असती तर दोघी बी कुणाच्या तरी रानात भांगलायला गेल्या असत्या. आणि सगळी म्हणाली असती, काय करणार बाबा, अडचणच तशी हुती."

आता खरी गंमत सांगते. आमच्याकडं दक्षिणेच्या तालुक्यांसाठी एक महिला पथक होतं, गडहिंग्लजला बसायचं. त्यांना एक जीप होती. जीप, तिचं डिझेल, तिचा ड्रायव्हर, सगळं बांधलेल्या पैशातलं. बाईचा फोन आला की निघायचं, एवढंच त्या जीपचं काम. तिच्या फेऱ्या वाटून लावायचं टेबल माझ्याकडं आलं. पहिल्याच महिन्यात मी मोठ्या हुशारीनं एक फेरी मधोमध कापली. जाताना पथक एका बाईच्या तक्रारीवर गेलं होतं, म्हणून जाणं महिला निधीत. येताना तिच्या नवऱ्याला धरून आणलं होतं, म्हणून येणं सर्वसाधारणात. अण्णांनी कागद बघितला आणि सगळी शाखा माना वर करेल एवढ्या आवाजात विचारलं, "बाळ, परतीचा प्रवास कुणाचा?"

"येताना पुरुष बसलाय की अण्णा गाडीत."

"कोण बसलाय ते बघायचं न्हाय. गाडी कुणासाठी निघाली ते बघायचं. जिनं बोलावलं तिचं जाणं आणि तिचंच येणं. उद्या तू मला तुझ्या गाडीनं बाजारात नेऊन सोडलंस आणि म्हणालीस, आता येताना तुमचं तुम्ही बघा, तर त्याला सोडणं म्हणत्यात का? त्याला टाकून येणं म्हणत्यात."

तेव्हापासून शाखेत कुणी काहीही मागितलं की बाकीचे विचारायचे, "आणि परतीचं?" कुणी चहा आणायला निघालं तरी, "परतीचं कोण भरणार?" अण्णांना वाटायचं आम्ही नियम पाठ करतोय. ते खूश व्हायचे.

पुराच्या वेळी नदी गावांत शिरली तेव्हा तर सगळ्या गाड्या एकदम मैदानात उतरल्या, ही जीपही आली. कुणी फेऱ्या मोजत बसलं नाही, बसायचंही नव्हतं. पाणी ओसरल्यावर मात्र अण्णा ड्रायव्हरला समोर बसवून एकेक फेरी विचारायला लागले. एका ठिकाणी बायका आणि लेकरं छावणीत हलवली होती, ते ठीक. पुढं जीपमधनं वैरण नेली होती.

"वैरण कुणाला?"

"म्हशींला."

"मग ही फेरी जनरल."

ड्रायव्हर इरसाल. "आण्णा, म्हशी बी बायकाच की."

अण्णा हसले नाहीत. त्यांनी खरोखर विचार केला, पेन कपाळाला लावून. मग विचारलं, "म्हशीनं तक्रार दिली हुती का?"

आम्ही हसून हसून टेबलावर पडलो. फेरी जनरलला गेली.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर नवे साहेब आले. वाईट माणूस नव्हता, उगाच कशाला बोला. तडफदार होता, कामाचा होता. पण त्याला प्रत्येक गोष्ट आत्ता पाहिजे असायची. कोल्हापुरात बंदोबस्ताला काय तोटा? आज मोर्चा, उद्या मिरवणूक, परवा कुणी मंत्री अंबाबाईच्या दर्शनाला. गाड्या कमी पडायला लागल्या तशी साहेबांनी गडहिंग्लजची जीप बोलावून घेतली. दोन दिवसांसाठी म्हणून. दोन दिवसांचे महिने झाले. जीप कोल्हापुरात पळत होती, आणि डिझेल पडत होतं महिला निधीतनं. फेऱ्यांचं पुस्तक जीपमध्येच राहायचं, आमच्याकडं नुसती पंपाची बिलं यायची, म्हणून आम्हालाही पत्ता नव्हता.

मग एक दिवस पथकाच्या हवालदारबाई आल्या. मूळच्या नेसरीच्या, काळ्यासावळ्या, आवाजात अण्णांच्या तोडीस तोड. आल्या त्या पाणीही न घेता उभ्याच राहिल्या.

"आण्णा, आम्ही यष्टीनं जायचं काय तक्रारीला?"

"का? काय झालं?"

"नेसरीच्या वरल्या अंगाच्या एका वाडीतनं फोन आला. सून हाय, सासरच्यांनी गोठ्यात कोंडलीया. शेजारणीनं चोरून फोन केलता. गाडी न्हाय. यष्टीनं फाट्यापातूर गेलो, तिथनं चालत. आम्ही दिसायच्या आधी आमची बातमी पोचली. तवर पोरगी दुसऱ्या गावाला हलवली हुती त्यांनी." त्या थांबल्या. "घावली. दोन दिसांनी घावली, जित्ती घावली, म्हणून सांगायला आलोय. पुढच्या खेपंला घावंल असं न्हाय."

अण्णांनी खुर्ची ओढली, बाईंना बसवलं, स्वतः माठातनं पाणी आणून दिलं. एवढंच म्हणाले, "गाडी परत येईल."

मला वाटलं आता अण्णा साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन आदळआपट करणार. तसं काही नाही. ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बाळ, जीप इथं आल्यापास्नंच्या सगळ्या फेऱ्या काढ. कुणासाठी निघाली ते बघ. बाईसाठी निघाली ती ठेव. बंदोबस्ताला निघाली ती सुट्या पैशात टाक. तेवढं डिझेल महिला निधीला परत कर, आणि साहेबांकडं सहीला पाठव."

सहीला पाठवलं तसं बोलावणं आलं. अण्णा मला घेऊन गेले, फेऱ्या मी काढल्या होत्या म्हणून. साहेब समजुतीनंच बोलले. "अण्णा, पैसा पोलिसांचा, गाडी पोलिसांची, डिझेल पोलिसांचं. या खिशातलं त्या खिशात घालायचं, त्यात एवढं काय?"

"साहेब, दुसरा खिसा आपला न्हाय. शेजारी बसलेल्या बाईचा हाय."

साहेबांचा चेहरा बदलला. "महिला निधीचा पुढचा हप्ता यायला सगळा खर्च महिलांच्या कामावर झाला असं लिहून द्यायला लागतं. सरळ तसं लिहा आणि मोकळे व्हा. नाहीतर हप्ता थांबेल. मग पथकालाच त्रास. ते तुम्हाला पाहिजे का?"

बोलणं खोटं नव्हतं. लिहिलं तर जीप गेली, नाही लिहिलं तर पैसाच गेला. दोन्हीकडनं त्या नेसरीच्या बाईच अडकत होत्या. पण अण्णांनी हे घरनं निघतानाच बघून ठेवलेलं होतं.

"लिहून देतो की साहेब, आनंदानं. बंदोबस्ताचं डिझेल सुट्या पैशात टाकलं की निधीत उरतंय ते समदं महिलांचंच. एक अक्षर खोटं लिहाय लागत न्हाय. आणि जीप तुम्ही ठेवा. तुमचा अधिकार हाय, मी कोण बोलणार? फकस्त बंदोबस्तानं आपलं डिझेल आपण भरायचं."

"आणि मी सही नाही केली तर?"

"तर मला जे खरं हाय ते टिपणीत लिहाय लागंल. मग वरनं तपासणीला जे येतील ते वाचतील."

साहेब खुर्चीत मागं रेलले. "रिटायरमेंट जवळ आलीय तुमची. अशा वेळी बदली झालेली बरी दिसत नाही, अण्णा. चंदगडला पाठवलं तर?"

"पाठवा की साहेब," अण्णा एकदम खुलून म्हणाले, "गाव जवळ पडंल."

मी ओढणी तोंडात धरून बाहेर आले. सही झाली. साहेब काही मूर्ख नव्हते, तपासणी म्हणजे काय ते त्यांना कळत होतं.

आणि मग झालं ते बघण्यासारखं होतं. सुट्या पैशातलं डिझेल आधीच बेतानं होतं. त्यात जीपचं इतक्या महिन्यांचं डिझेल आलं तसा तो आकडा एकदम तळाला गेला. पंपावरनं गाड्या परत यायला लागल्या. एका अधिकाऱ्यांना घरनं स्वतःची मोटारसायकल काढायला लागली. साहेबांच्या गाडीलाही पंपवाल्यानं, मंजुरी आणा, मग टाकतो, असं ऐकवलं. साहेबांनी तावातावानं विचारलं, एवढं डिझेल पितंय तरी कोण? मी यादी पुढं ठेवली. सगळ्यात वर ती जीप.

"ही कशाला ठेवलीय इथं?" साहेब म्हणाले. "आजच्या आज परत पाठवा गडहिंग्लजला."

देवाशप्पथ, मला त्या क्षणी अण्णांचे पाय धरावेसे वाटले. इतके महिने ती जीप साहेबांना फुकट होती, म्हणून हवी होती. अण्णांनी ती काढून घेतली नाही, भांडले नाहीत, वर तक्रार केली नाही. तिची खरी किंमत तेवढी लावली. बाहेर आल्यावर ड्रायव्हर विचारायला आला, "अण्णा, गडहिंग्लजला जायला डिझेल कशातनं टाकू?"

"जनरल," अण्णा म्हणाले. "ज्यानं आणली त्यानं पोचवायची."

ते लवकरच रिटायर झाले. आमच्याकडं रीत अशी की रिटायर होणाऱ्याला खात्याची गाडी फुलांनी सजवून घरापर्यंत सोडतात. अण्णांच्या वेळी साहेबांकडनं निरोप आला, की अण्णांच्याच नियमाप्रमाणं सरकारी गाडी खाजगी कामाला देता येत नाही. मला असा राग आला, असा राग आला की विचारू नका. एवढी वर्षं घासलेल्या माणसाला हे? अण्णा मात्र मनापासून म्हणाले, "बरोबर हाय साहेबांचं. शिकले बघ." समारंभाची वर्गणी मी पेढ्याला म्हणून काढली होती, त्यामुळं पेढे भरपूर आणि हार एकही नाही. अण्णा पेढा हातात धरून, पिशवी खांद्याला लावून एसटी स्टँडकडं निघाले.

गेटच्या बाहेर एक वडापची, म्हणजे वाटेवरची माणसं भरून नेणारी खाजगी जीप उभी. बोनेटवर झेंडूच्या माळा, आणि आत साध्या साड्यांत पथकातल्या सगळ्या बायका. नेसरीच्या हवालदारबाई खाली उतरल्या. "चला आण्णा. घरला सोडतो."

अण्णा मागं सरले. "गाडी कुणाची?"

"वडाप हाय. सरकारचा संबंध न्हाय. आम्ही बी आज रजा टाकून आलोय."

"भाडं?"

"आम्ही समद्यांनी घातलंय, आपापल्या पगारातनं."

"छे छे, असलं काय करू नका. ते पैसे पोरांच्या खाऊला न्या."

"जमत न्हाय," बाई म्हणाल्या. "आण्णांना घरला सोडायला म्हणून गोळा केल्यात. बांधलेला पैसा हाय. त्याचं दुसरं काय करता येतंय का, तुम्हीच सांगा."

अण्णांनी खांद्यावरची पिशवी खाली उतरवली. मग आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात, त्यांनी विचारलं, "आणि परतीचं?"

"परतीचं बी दिलंय."

अण्णांनी डोळ्याला रुमाल लावला आणि ते गाडीत चढले. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. हवालदारबाईंनी माझाही हात धरून मला आत ओढलं.

गावात थोरली अक्का गारगोटीहून येऊन दारात ओवाळायला उभी होती. उन्हं होती तोवर आम्हाला जेवायला वाढलं, अण्णा आमच्याबरोबर बसले, आणि उतरत्या उन्हात आम्ही परत निघालो. गाडीत आता जागा मोकळी होती. वाटेत एका फाट्यावर चार-सहा माणसं एसटीची वाट बघत होती. ड्रायव्हरनं सवयीनं वेग कमी केला आणि मान बाहेर काढली, "गडहिंग्लज, गडहिंग्लज!"

"ए, चल फुडं," हवालदारबाई म्हणाल्या. "परतीचं आम्ही भरलंय. कुणाला घ्यायचं न्हाय."

"रिकामंच चाललंय की बाई."

तेवढ्यात हवालदारबाईंना त्या माणसांच्या मागं एक बाई दिसली. कडेवर लेकरू, हातात बोचकं, डोक्यावरचा पदर गच्च ओढलेला. "थांब," त्या म्हणाल्या. "पावणं, सरा जरा. ए बाई, कुठं जायचंय?"

"गडहिंग्लज. माह्यारला."

"ये, बस."

ती दारातच अडली. "भाडं किती पडंल?"

"भरलंय. बस."

अण्णांच्या सीटवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. त्या हातानं सारून तिनं लेकराला मांडीवर घेतलं आणि डोळे मिटले. गाडी सुरू झाली तसं नेसरीच्या बाईंनी मला कोपरानं ढोसलं. "उद्या फोन कर तुझ्या आण्णाला," त्या म्हणाल्या. "सांग, परतीचं बी बाईच्याच कामाला लागलं म्हणून."